मामांचा ऊस आणि डीवाय बाय डीएक्स : कलन (कॅल्क्युलस) शिकतानाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार (भाऊबीज)

वही आजपासून सुरू. गेल्या रविवारी एम.ए.च्या वर्गात सरांनी फळ्यावर ‘डीसी बाय डीक्यू’ लिहिलं, खाली ‘सीमांत खर्च’ (अजून थोडा माल करायला लागणारा जादा खर्च) लिहिलं आणि सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मी विचारलं, "सर, वरच्या डी नं खालचा डी जात नाही का?" वर्ग हसला. सरही हसले आणि पुढं गेले. बसनं येळ्ळूरला येईपर्यंत डोक्यात तेवढंच. का जात नाही, हे कुणीच सांगितलं नव्हतं.

माझं गणित दहावीला सुटलं. पीयूसीला (अकरावी-बारावीला) एचईपीएस घेतलं : इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र. गणित सुटलं म्हणून पेढे वाटायचे तेवढे राहिले होते. आता दिवसा शहापूरच्या पतसंस्थेत व्याज काढते आणि रविवारी अर्थशास्त्र शिकते. त्या अर्थशास्त्राच्या दारातच हे कलन आडवं पडलेलं.

मार्चपर्यंत एवढं करायचं : चढ म्हणजे काय, विकलनाचे (चढ काढण्याचे) नियम, जास्तीत जास्त आणि कमीत कमी, वक्राखालचं क्षेत्रफळ. वेळ उरला तर आंशिक विकलन. उदाहरणं आपल्याकडची घ्यायची. पुस्तकातल्या ‘विजेट’ नावाच्या वस्तूचा मला कंटाळा आला आहे. ती कुठं मिळते, कोण घेतं, काही कळत नाही.

१० नोव्हेंबर

आधी शब्दांनीच घोळ घातला. एका पुस्तकात विकलन आणि संकलन, दुसऱ्यात अवकलन आणि समाकलन. दोन दिवस मी हे चार वेगळे विषय समजत होते. मी विकलन धरलं. दोन नावांची आपल्याला सवय आहे म्हणा. २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून पाटीवर बेळगावी आणि तोंडात बेळगाव.

मग सीमा. व्याख्या पाच वेळा वाचली, डोक्यात शिरली नाही. शेवटी कॅल्क्युलेटर घेतला. समजा, न नग करायला न² रुपये लागतात. १० नगांना १००. आता ‘अजून थोडं’ केलं तर काय दरानं खर्च वाढतो?

एक नग जास्त : १२१ वजा १००, म्हणजे २१.
अर्धा जास्त : १०.२५ जादा, भागिले ०.५, म्हणजे २०.५.
दशांश जास्त : २.०१ भागिले ०.१, म्हणजे २०.१.
शतांश जास्त : २०.०१.

२० ला टेकत नाही, खरं दुसरीकडं कुठंही जात नाही. ते २० म्हणजे सीमा. आणि डीसी बाय डीक्यू म्हणजे दोन डी चा भागाकार नव्हे. भागाकार करत करत जिथं पोचायला होतंय, त्या जागेचं नाव. म्हणून डी जात नाही. हे फळ्यावर सांगायला पाच मिनिटं लागली असती.

शेजारी बसणारी बैलहोंगलची मैत्रीण तिच्या कन्नड टिपणांतून शिकते. सीमांत उपयोगितेला त्यांच्याकडं ‘सीमांत तुष्टिगुण’. मी म्हटलं, "म्हणजे सीमांत तुमच्याकडं पण सीमांतच?" ती म्हणाली, "मग? सीमा काय तुमची एकट्याची आहे?" वर्गात पुन्हा बोलणी बसली.

१७ नोव्हेंबर

भात कापून झालं, म्हणून भाऊजींना वेळ होता. त्यांना खताचं विचारलं. त्यांचे आकडे घेतले नाहीत (ते खरे सांगणारही नाहीत), माझेच मांडले : एकरी उत्पादन क्विंटलमध्ये = ८ + ४न − ०.५न², न म्हणजे युरियाच्या पिशव्या. विकलन केलं : ४ − न. चौथ्या पिशवीला शून्य. डोंगराचा माथा तिथं, उत्पादन १६ क्विंटल. पाचवी पिशवी टाकली तर पीक उलट कमी.

खरं, माथ्यावर जायचं की अलीकडंच थांबायचं, हे पिशवीच्या किमतीवर ठरतं. भात ३,००० रुपये क्विंटल धरलं. शेवटच्या पिशवीनं जेवढं भात दिलं त्याचे पैसे आणि पिशवीचे पैसे बरोबरीला आले की थांबायचं. ४५ किलोची पिशवी २६६.५० ला मिळते. ३,००० × (४ − न) = २६६.५०, म्हणजे न जवळजवळ ३.९१. हीच पिशवी समजा २,४०० ला असती तर ३.२.

हे बघून मी वही बाजूला ठेवली. खत स्वस्त असलं की शेतकरी अडाण्यासारखं जास्त टाकतो, असं सगळे म्हणतात. अडाणीपणा कुठं आहे यात? अनुदानाच्या किमतीला माथ्याला चिकटून थांबणं हाच हिशेबी माणसाचा निर्णय. आणि माथ्याजवळ वक्र इतका सपाट असतो, की ३.९ आणि ४ मध्ये भाताचा फरक दिसतही नाही. जमिनीचं काय होतं, ते या सूत्रात नाही. तो खर्च कुणाच्याच पावतीवर येत नाही.

भाऊजींना दाखवलं. शेवटपर्यंत ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "वहिनी, बरोबर हाय, खरं शेवटची पिशवी आम्ही भातासाठी टाकतच नाही. शेजाऱ्याचं रान आपल्यापेक्षा हिरवं दिसू नये म्हणून टाकतो." हा चल (बदलणारा घटक) मी धरला नव्हता.

२४ नोव्हेंबर

हुक्केरी तालुक्यातले मामा आले होते, गळीत सुरू व्हायच्या गडबडीतून. विषय उसाच्या दराचा निघाला आणि मला आयतं फलन (एका आकड्यावरून दुसरा ठरवणारा नियम) मिळालं.

२०२४-२५ च्या हंगामाची एफआरपी (केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर) : उतारा (उसातून निघणारी साखर) १०.२५ टक्के असेल तर क्विंटलला ३४० रुपये. त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.३२ रुपये जास्त, खाली आलं तर तेवढेच कमी. ९.५ टक्क्यांच्या खाली मात्र कपात नाही, ३१५.१० वर दर थांबतो.

आलेख काढला. मी ठोकून लिहिलं, ‘१०.२५ ला वक्र मोडतो.’ सगळे तोच आकडा बोलतात, म्हणून. मग डावीकडचा आणि उजवीकडचा चढ वेगवेगळा काढला. १०.२५ च्या दोन्ही बाजूंना तोच : एका टक्क्याला ३३.२० रुपये. मोड नाहीच. मोड ९.५ ला. त्याच्या डावीकडं चढ शून्य, उजवीकडं ३३.२०. रेघ तुटलेली नाही, सलग आहे, खरं त्या टोकावर विकलन निघत नाही. वर्गात सरांनी ‘सलग असूनही विकलनीय नसलेलं फलन’ म्हणून निरपेक्ष किमतीचा (उणे आकडाही अधिकच धरायचा, त्याचा) इंग्रजी व्ही काढून दाखवला होता. त्याऐवजी उसाचा दर काढला असता तर अर्ध्या वर्गाच्या घरची गोष्ट झाली असती.

मामा चष्मा लावून आलेख बघत होते. "म्हणजे माझा ऊस एक टक्का गोड झाला तर क्विंटलला तेहतीस रुपये जास्त?"

"सूत्र तसं सांगतंय, मामा."

"सूत्राला सांग, उतारा माझ्या उसाचा धरत नाहीत. कारखान्याचा धरतात, तो पण गेल्या हंगामाचा. माझा गोड, शेजाऱ्याचा पाणचट, सगळा एकाच गव्हाणीत."

मी गप्प. विकलन बरोबर होतं, खरं कशाच्या संदर्भात विकलन, हेच चुकलं होतं. दर कारखान्याच्या उताऱ्यावर चढतो. मामांच्या उसाच्या गोडीवर किती चढतो, हा प्रश्न वेगळा. शेवटच्या पानावर लिहून ठेवलाय. आंशिक विकलन आलं की सोडवायचा.

८ डिसेंबर

उद्यापासून सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन. शहरभर बंदोबस्त, बस उशिरा. पाऊण तास स्टॅंडवर उभ्यानंच लवचिकतेचं (किंमत एक टक्का बदलली तर मागणी किती टक्के बदलते, त्याचं) गणित केलं.

मागणी = १२० − २क, क म्हणजे किंमत. एकूण विक्रीचे पैसे १२०क − २क². विकलन १२० − ४क, शून्य होतं क = ३० ला. तिथं मागणी ६० आणि लवचिकता २ × ३० ÷ ६०, म्हणजे बरोबर १. सरळ रेषेचा चढ सगळीकडं सारखा, तरी लवचिकता प्रत्येक ठिकाणी वेगळी. पदवीला मी ‘लवचिकता म्हणजे चढ’ असं लिहून गुण मिळवलेले आहेत. तपासणाऱ्यालाही तेच वाटत असणार.

कूर्नो या फ्रेंच माणसानं १८३८ मध्येच मागणीला फलन मानून तिचं विकलन केलं होतं. त्यानं खनिज पाण्याच्या झऱ्याच्या मालकाचं उदाहरण घेतलं : पाणी आपोआप येतंय, काढायला खर्च नाही, मग किंमत किती ठेवायची? खर्च शून्य म्हणजे नफा आणि विक्री एकच. म्हणून लवचिकता १ होते तिथं. माझ्या गणितातल्या ३० रुपयांना आता चेहरा आला. पुढं १८९० मध्ये मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं लवचिकता रुळवली, खरं गणित त्यानं तळटिपांत आणि परिशिष्टात ढकललं. आमच्या सरांनी परिशिष्टच गाळलं, एवढाच फरक.

१५ डिसेंबर

अंतर्गत चाचणीत २० पैकी ९.

लाज वाटते म्हणून सविस्तर लिहिते. खर्च न³ − ९न² + ३०न + १०, किंमत १५, नफा जास्तीत जास्त करणारा न काढा. सीमांत खर्च ३न² − १८न + ३०, तो १५ ला बरोबर केला, न = १ आणि न = ५ अशी दोन उत्तरं आली. मी १ लिहिलं. का? आधी आलं म्हणून.

घरी येऊन नफा काढला. ५ नगांना १५ रुपये नफा. १ नगाला १७ रुपये तोटा. म्हणजे मी जास्तीत जास्त तोट्याच्या खड्ड्यात झेंडा रोवून आले होते. चढ शून्य माथ्यावरही असतो आणि खड्ड्याच्या तळालाही. दुसरं विकलन घ्यायचं असतं ते यासाठी : नफ्याचं दुसरं विकलन १८ − ६न. १ ला अधिक १२, म्हणजे खड्डा. ५ ला उणे १२, म्हणजे माथा. राजहंसगडावर धुक्यात पायाखाली सपाट लागलं म्हणून गड आला असं होत नाही, चार पावलं पुढं टाकून बघावी लागतात.

मैत्रिणीला १७ पडले. तिनं दोन्ही उत्तरं नुसती घालून बघितली होती. दुसरं विकलन तिलाही येत नव्हतं.

२२ डिसेंबर

मोड सापडला होता, आज उडी सापडली. जाऊबाई महिन्याच्या शेवटी मिक्सर लावू देत नाहीत. मीटरचा आकडा रोज कॅलेंडरवर लिहितात. गृहज्योतीत (राज्य सरकारच्या फुकट विजेच्या योजनेत) २०० युनिटच्या आत राहिलं तर आपल्या सरासरीवर दहा टक्के धरून तेवढी वीज फुकट, त्यावरच्या युनिटांचे पैसे. २०० ओलांडले की सगळं बिल अंगावर. २०१ व्या युनिटची सीमांत किंमत काढायला गेले तर विकलनच नाही, तिथं रेघ तुटून वरच्या मजल्यावर जाते. जाऊबाईंना फलनाची सलगता शिकवायची गरज नाही, इडलीचं पीठ त्या विसाव्या दिवशीच वाटून घेतात.

२७ डिसेंबर

१९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाला, गांधीजी अध्यक्ष होते त्या, शंभर वर्षं झाली म्हणून गेला आठवडा शहर दिव्यांनी झगमगत होतं. काल रात्री मनमोहन सिंग गेले आणि आजचा मेळावा रद्द झाला. संध्याकाळी पतसंस्थेतून निघाले तेव्हा रस्त्यावर लायटिंगच्या माळा विझलेल्या. त्यांच्या ऑक्सफर्डच्या प्रबंधाचा विषय भारताची निर्यात होता. आज अभ्यास नाही.

१२ जानेवारी २०२५

साखळी नियम आला. फार लिहिण्यासारखं नाही : पावसावर ऊस, उसावर मजुरी, एकेका कडीचा दर काढून गुणायचा.

भास्कराचार्यांचं मात्र लिहायला हवं. ११५० च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त ग्रहाची ‘तात्कालिक गती’ येते : दिवसभराची सरासरी नव्हे, त्या क्षणाची गती. ज्येत (साइनमध्ये) पडणारा फरक कोटिज्येच्या (कोसाइनच्या) प्रमाणात असतो, हेही त्यांना माहीत होतं. ‘म्हणजे कलन आमच्याकडंच लागलं’ असं म्हणून मिरवणारे वर्गात दोघं आहेत. सीमेची व्याख्या, कुठल्याही फलनाला लागू पडणारे नियम, हे तिथं नाहीत. मला ‘तात्कालिक’ हा शब्द मात्र आवडला. सीमांत खर्चाला ‘तात्कालिक खर्च’ म्हटलं असतं तर मी ऑक्टोबरमध्येच समजले असते.

२ फेब्रुवारी

काल बजेट. नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत आयकर नाही. आमच्या घरी कुणाला १२ लाख मिळत नाहीत, त्यामुळं निर्विकारपणे आलेख काढता आला. टप्प्यांप्रमाणं १२ लाखांवर ६० हजार कर होतो आणि तो सवलतीत माफ. मग १२ लाख १० हजारवाल्यानं एकदम ६१,५०० भरायचे? नाही, १२ लाखांच्या वर जेवढं मिळालं, त्याहून जास्त कर घ्यायचा नाही, अशी सूट आहे. म्हणजे तो १० हजार भरणार. उडी बुजवली, खरं त्या पट्ट्यात चढ बरोबर १ झाला : वरचा रुपयाच्या रुपया सरकारला. हे जवळपास १२ लाख ७० हजारांपर्यंत चालतं (उपकर सोडून). त्या पट्ट्यातल्या माणसाला पगारवाढ मिळाली तर तो कुणाला पेढे वाटणार?

९ फेब्रुवारी

संकलन, म्हणजे वक्राखालचं क्षेत्रफळ. वाटलं होतं त्यापेक्षा लवकर बसलं. व्याज काढणाऱ्या बाईला रोजचं थोडं थोडं साठवत नेणं नवीन नाही.

उपभोक्त्याचं संतोषाधिक्य (गिऱ्हाईक जेवढं द्यायला तयार असतं आणि प्रत्यक्ष देतं, त्यातला फरक) आधी त्रिकोणानं काढलं : डिसेंबरमधलीच मागणी, किंमत ३०, अर्धा × ६० × ३० = ९००. मग संकलनानं : ० ते ६० पर्यंत (६० − न÷२) चं संकलन २,७००, त्यातून दिलेले १,८०० वजा, ९००. त्रिकोण असताना एवढा खटाटोप कशाला? तर मागणी वाकडी असली की त्रिकोण उरत नाही.

खरी गंमत लोरेन्झ वक्रात आली. १९०५ चा हा वक्र : माणसं गरिबापासून श्रीमंतापर्यंत रांगेत उभी करायची आणि रांगेतल्या खालच्या अमुक हिश्श्याकडं एकूण उत्पन्नाचा किती हिस्सा, ते मांडायचं. सरावाला सोपा वक्र घेतला, य = क्ष². खालच्या निम्म्या लोकांकडं चतुर्थांश उत्पन्न. वक्राखालचं क्षेत्रफळ एक तृतीयांश, म्हणून गिनी गुणांक (विषमतेचं माप) १ वजा दोन तृतीयांश, म्हणजे पुन्हा एक तृतीयांश. समाजशास्त्रात हा आकडा पाठ केला होता, तो येतो कुठून ते आज कळलं.

मग सवयीनं या वक्राचंही विकलन केलं आणि बसल्या जागी सरळ झाले. एखाद्या ठिकाणचा चढ म्हणजे तिथल्या माणसाचं उत्पन्न भागिले सगळ्यांची सरासरी. चढ १ असेल तिथं उभा असलेला माणूस बरोबर सरासरी कमावणारा. क्ष² मध्ये तो रांगेच्या मधोमध येतो. क्ष³ घेतला : ३क्ष² = १, क्ष सुमारे ०.५८. म्हणजे शंभरातले अठ्ठावन्न लोक सरासरीच्या खाली. विषमता वाढली की ‘सरासरी माणूस’ रांगेत मागं मागं सरकत श्रीमंतांच्या बाजूला जातो. दरडोई उत्पन्नाची बातमी वाचताना आपण त्याला आपल्या शेजारीच उभा धरतो.

२ मार्च

आंशिक विकलन. दोन चल, एक हलवायचा, दुसरा हात लावायचा नाही. शेवटच्या पानावरचा मामांचा प्रश्न काढला.

मामांचं उत्पन्न = दर × वजन. वजन त्यांचं, दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्याचा. मामांचा ऊस ८० टन धरला, कारखान्याचं गाळप १० लाख टन (सोपं पडावं म्हणून), उतारा १०.२५.

वजनाच्या संदर्भात : एक टन जास्त, तर ३,४०० रुपये. तोडणी-वाहतूक त्यातून जायची.

गोडीच्या संदर्भात : मामांनी मर मर मरून आपला उतारा पूर्ण एक टक्का वाढवला. कारखान्याची सरासरी वाढली ८० भागिले १०,००,०००, म्हणजे ०.००००८ टक्का. गुणिले ३३.२०, क्विंटलला ०.००२६५६ रुपये. मामांचे ८०० क्विंटल. एकूण दोन रुपये बारा पैसे. तेही पुढच्या हंगामात.

तीनदा तपासलं. शून्य मोजायला मैत्रिणीला बसवलं. तिच्या वडिलांचाही ऊस आहे. ती हसली नाही.

संध्याकाळी मामांना फोन केला. "मामा, तुम्ही नोव्हेंबरात म्हणाला होता ते बरोबर होतं. दोन रुपये बारा पैसे."

"क्विंटलला?"

"नाही. सगळ्या ऐंशी टनांना."

पलीकडं बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज. मग म्हणाले, "असं कर पोरी, हे एका कागदावर लिहून दे. वार्षिक सभेत वाचतो."

"मराठीत देऊ का कन्नडमध्ये?"

"दोन्हीत दे. आणि ते डी-बी काय असतं, ते नको घालू."

कन्नड कागद मैत्रीण करते म्हणाली. मराठीत मी ‘डी’ च्या जागी ‘एक टक्का वाढला तर’ असं लिहिलं. अर्ध्या पानात बसलं.